चार रेझिस्टरची पुडी

माझ्या शिवणाच्या डब्यात, बटणं आणि हुकांच्या खाली, एक कागदाची पुडी आहे. जुन्या बंगाली कॅलेंडरच्या कागदाची, पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली. आत चार रेझिस्टर आहेत, विजेचा प्रवाह ठरावीक मापाने अडवणारे, गव्हाच्या दाण्याएवढे. दुकानात दाखवले तर कुणी ढुंकून बघणार नाही. ही पुडी मला बक्षीस मिळालेली आहे आणि ती मी अजून सोडून पाहिलेली नाही. एकदा नवरा शर्टाचं बटण शोधत होता, त्याने ती उचलून हे काय म्हणून विचारलं, तर मी त्याच्या हातातून ती जवळजवळ हिसकावून घेतली. ती मला कशी मिळाली हे सांगायचं तर अब्रू जाते. पण ती तशीही फारशी शिल्लक नाही, म्हणून सांगते.

कोलकात्याला येण्याआधी मी पुण्यात एका पॉलिटेक्निकमध्ये बारा वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. डिफरन्शियल अँप्लिफायर हा माझा हातखंडा विषय. दर वर्षी पेपरात चार मार्कांचा प्रश्न ठरलेला असायचा, कॉमन मोड रिजेक्शन म्हणजे काय ते सांगा. मुलं घोकलेली व्याख्या लिहीत, मी बरोबरची खूण करीत असे. कुणी एखादा शब्द खाल्ला तर अर्धा मार्क कापायचे. माझा तो अर्धा मार्क आमच्या कॉलेजात प्रसिद्ध होता आणि मला त्याचा अभिमान होता.

मग नवऱ्याची बँकेतून कोलकात्याला बदली झाली. बालीगंजला फ्लॅट मिळाला. मुलगा तोवर शिकायला बाहेर गेलेला, घरात करायचं काय. सहा महिने मी पडदे शिवले आणि शेजारणीकडून बंगाली शिकायचा प्रयत्न सोडून दिला. शेवटी कुणाच्या तरी ओळखीने हावड्यातल्या एका छोट्या कारखान्यात काम मिळालं. कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी लागणारी किटं तिथे बनत. माणसं मोजून अकरा, आजूबाजूला सगळे लेथवाले. मालक बंगाली गृहस्थ, अबोल. त्यांना डिग्रीवाला इंजिनिअर हवा होता, कारण टेस्ट शीटवर डिग्रीवाल्याची सही असली की कॉलेजं खूश असतात. ती सही मी करायची असं ठरलं.

आमचं सगळ्यात खपाचं किट होतं हृदयाचे ठोके पडद्यावर दाखवणारं. औषधोपचाराचं नव्हे, शिकवण्यापुरतं. विद्यार्थ्याने दोन मनगटांना दोन पट्ट्या बांधायच्या, एक पायाला, आणि स्वतःच्या हृदयाची रेघ बघायची. दिसायला सोपं, पण त्यात एक अडचण असते आणि या सगळ्या गोष्टीचं मूळ त्या अडचणीत आहे, तेव्हा ती समजून घ्या.

मी रोज बाबूघाटाहून लाँचने हुगळी ओलांडायची. समजा त्या लाँचवर दोन माणसं उभी आहेत आणि मला काठावर बसून त्यांच्या उंचीतला फरक मोजायचा आहे. लाट आली की दोघं एकदम वर जातात, एकदम खाली येतात. लाट केवढीही असो, एकाचं माप दुसऱ्यातून वजा केलं की लाट जाते आणि फरक तेवढा उरतो. आपल्या मनगटांचं तसंच. भिंतीतल्या विजेच्या तारांची घरघर आपल्या सगळ्या अंगावर चढलेली असते, दोन्ही मनगटांवर सारखीच. हृदयाच्या इवल्याशा सिग्नलपेक्षा ती शेकडो पट मोठी. अँप्लिफायरने एका मनगटाचं माप दुसऱ्यातून वजा करायचं, म्हणजे घरघर जाते. उरतो तो हृदयाचा फरक, तो आमच्या बोर्डावर दहापट मोठा व्हायचा. हे दहा म्हणजे गेन. आता, मापायच्या दोन टेपा आहेत आणि दोन्ही सारख्याच आखूड निघाल्या, तर फार बिघडत नाही, उत्तर किंचित चुकतं. पण एक आखूड आणि एक लांब असली की लाट पुरती वजा होत नाही, थोडी मागे राहते. आणि लाट एवढी मोठी असते की तिचा तो मागे राहिलेला तुकडासुद्धा माणसांच्या फरकाला गिळून टाकतो. आमच्या बोर्डावर त्या टेपा म्हणजे चार रेझिस्टर होते, दोन या बाजूला, दोन त्या बाजूला.

हे आज मी असं सांगतेय जसं काही मला तेव्हा कळत होतं.

बोर्ड जोडायचं काम मेजदा करत. मेजदा म्हणजे मधला दादा. मालकसुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारत, म्हणून मीही. साठी उलटलेली, अंगाने काटकुळे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पंचवीस वर्षं ते त्या एकाच टेबलावर बसत होते. सकाळी आले की पहिल्यांदा चहाचं मातीचं भांडं संपवायचं, मग मल्टिमीटर लावून एकेक रेझिस्टर मोजायचा. हात लागला की तो जरासा गरम होतो आणि आकडा हलतो, म्हणून ठेवायचा, थांबायचं, मग वाचायचं. असे मोजून मोजून दोन्ही बाजूंचं प्रमाण अगदी जुळेल असे चार निवडायचे, कॅलेंडरच्या कागदात गुंडाळायचे, वर बंगाली आकडा लिहायचा आणि दोरा बांधायचा. टेबलाच्या खणात अशा पुड्यांची रांग असे. एका किटाला एक पुडी.

मला ते बघवेना. आम्ही एक टक्का अचूकतेचे रेझिस्टर आणत होतो, पाकिटावर तसं छापलेलं होतं. मग सकाळ सकाळ हा कसला सोहळा? मी त्यांना विचारलं, हे कशासाठी. ते हिंदीत म्हणाले, "मॅडम, जोड़ी मिलाना पड़ता है। नहीं तो मशीन गाना गाएगा।"

मला हसू आलं. दुपारी डबा खाताना मी पुण्याला बहिणीला फोन केला. ताईला म्हटलं, आमच्याकडे एक म्हातारबुवा आहेत, ते रोज सकाळी रेझिस्टरची लग्नं लावतात, पत्रिका जुळवून. ताई खूप हसली. मेजदा शेजारच्याच टेबलावर मुडी, म्हणजे आपले कुरमुरे, खात बसले होते. मराठीचा तोच तर फायदा. बालीगंजच्या बाजारात, लाँचवर, कारखान्यात, कुठेही, कुणाच्याही देखत, मनातलं सगळं बोलता येतं. इथली आम्ही मराठी माणसं या सुखाला फार सोकावलेली आहोत.

मला तिथे लागून दोन वर्षं झाली होती, तेव्हा दक्षिण कोलकात्यातल्या एका कॉलेजाकडून तीस किटांची ऑर्डर आली. ती माझ्यामुळे आली, हेही सांगायला हवं. तिथल्या लॅबच्या प्रमुख बाई मराठी, नवरा खासगी कंपनीत, आमची ओळख मराठी मंडळातल्या हळदीकुंकवातली. मला माझं काम दाखवायचं होतं. त्याच आठवड्यात मेजदा बहिणीच्या श्राद्धासाठी तीन दिवस गावी गेले. मी ठरवलं, ते यायच्या आत त्यांचं टेबल जरा माणसात आणायचं. खणातल्या पुड्या काढल्या, दोरे तोडले आणि सगळे रेझिस्टर दोन प्लॅस्टिकच्या डब्यांत ओतले. एकात दहा हजार ओहमवाले, दुसऱ्यात एक लाखवाले. डब्यांवर छापील लेबलं लावली. कागदांचा ढीग कचऱ्यात. चाळीसएक पुड्या असतील. मला आठवतं, काम झाल्यावर मी हात झटकले आणि मला अतिशय बरं वाटलं.

मेजदा आले, खण उघडला आणि ते दोन डबे उचलून पाहिले. मग पुड्या कुठे गेल्या एवढंच विचारलं. मी म्हटलं, सोडल्या, सगळे एकाच मापाचे तर आहेत. ते ठीक आहे म्हणाले आणि मल्टिमीटर ओढून पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसले. मी त्यांना थांबवलं. दहा दिवसांत तीस किटं द्यायची होती. डब्यातून सरळ उचला आणि लावा, असं मी सांगितलं, आणि ते इंजिनिअरने सांगितलं होतं. त्यांनी एकदाच, माझ्याकडे न बघता म्हटलं, "आप टेस्ट में दोनों तार बाँध के भी देखेंगी न?"

दोन्ही तारा एकत्र बांधायच्या, दोन्हींना एकच सिग्नल द्यायचा, आणि बाहेर काहीच येत नाही ना ते पाहायचं. हीच ती कॉमन मोडची चाचणी. टेस्ट शीटवर दोन रकाने होते, एक गेनचा आणि एक हिचा. मी हो म्हटलं.

गेन मी तीसही किटांचा मोजला. एक तार ग्राउंडला, दुसरीला सिग्नल, बाहेर दहापट. कुठे नऊ पूर्णांक नऊ, कुठे दहा पूर्णांक एक. सुरेख. एक टक्क्याचा रेझिस्टर गेनमध्ये एवढंच बिघडवू शकतो. पण दुसऱ्या चाचणीला वेगळी मांडणी करावी लागे, जोडणी बदला, मीटरची रेंज बदला, आणि तोवर गाडी दारात आलेली. गेन एवढा छान आहे म्हणजे बाकीचं असणारच, असं मी धरून चालले. दुसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत तीस वेळा ठीक असं लिहिलं आणि खाली सही केली. बारा वर्षं अर्धा मार्क कापणारीने.

कॉलेजात किटं मांडली त्या दिवशी मेजदा हत्यारांची पेटी घेऊन माझ्याबरोबर आले होते. बाईंनी हौसेने स्वतःच्याच मनगटांना पट्ट्या बांधल्या. पडद्यावर रेघेच्या ऐवजी हा एवढा जाड थरथरता पट्टा आला, त्यात हृदय कुठे आहे ते शोधावं लागेल असा. दुसरं किट लावलं, तेच. तिसरं, तेच. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी आधी त्यांच्या लॅबच्या अर्थिंगवर ढकललं. बाईंनी इलेक्ट्रिशियन बोलावला, त्याने तपासलं, अर्थिंग चोख होतं. मेजदा एका किटावर वाकून सोल्डरिंग आयर्न तापत ठेवत होते. बाईंनी मला मराठीत विचारलं, अगं, हे असं कसं गं झालं?

आणि मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी राहून, साध्या आवाजात, मराठीत म्हटलं, "अगं, काय सांगू. आता हात थरथरतात त्यांचे. डोळ्यांना दिसत नाही. मालकांनी केवळ दयेपोटी ठेवून घेतलंय, आणि निस्तरावं मला लागतं."

उचलली जीभ लावली टाळ्याला. बाईंनी मेजदांकडे कणवेने पाहिलं.

मेजदांनी मान वर केली नाही. शर्टाच्या खिशातून त्यांनी एक पुडी काढली. कॅलेंडरचा कागद, दोरा. माझ्या मनाईनंतरही ते लवकर येऊन थोड्या जोड्या लावत असले पाहिजेत. त्यांनी बोर्डावरचे चार रेझिस्टर काढले, पुडीतले चार बसवले, आणि बाईंना हातानेच खुणावलं, की लावा. पडद्यावर स्वच्छ, बारीक रेघ आली. ठोका, सपाट, ठोका. त्यांचा हात अजिबात थरथरत नव्हता.

पुडी उघडली त्याच क्षणी मला सगळं कळलं होतं. हे मी फार दिवस स्वतःलासुद्धा सांगितलं नाही. नंतर हिशेब मांडल्यावर कळलं, असं मी मनात म्हणत आले. खोटं आहे ते. तो कागद पाहिला आणि चार मार्कांच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, आणि तरी मी बाईंना म्हटलं, "बघ, सोल्डरिंग कच्चं होतं. नीट जोडलं की झालं."

बाकीची एकोणतीस किटं परत आणली. मालकांनी कारण विचारलं. मी रिपोर्टात लिहिलं, कारागिरीतला दोष. चोर सोडून संन्याशाला सुळी. मालकांनी कागद दोनदा वाचला आणि खणात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून मेजदा मागच्या खोलीत पॅकिंगला बसू लागले. थर्माकोल कापायचं, खोक्यांना पट्ट्या लावायच्या. ते स्वतःच्या बाजूने एक शब्द बोलले नाहीत, आणि मीही याचा अर्थ मला सोयीचा असा लावला.

एकोणतीस किटांचे रेझिस्टर मी स्वतः जुळवले. त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच मल्टिमीटरवर. रेझिस्टर ठेवायचा, थांबायचं, मग आकडा वाचायचा. तीन आठवडे लागले. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मी त्या पद्धतीचा एक छापील तक्ता केला, त्याला इंग्रजी नाव दिलं, खाली स्वतःची सही केली आणि भिंतीवर लावला. मालक तो वाचून म्हणाले, खूब भालो. मला ती शाबासकी वाटली. मेजदा खोकी घेऊन रोज त्या तक्त्याखालून जात-येत होते.

असे पाच महिने गेले. एका संध्याकाळी मी हावड्याहून परतीच्या लाँचवर चढले. गर्दी होती. कठड्याजवळ एक म्हातारं मराठी जोडपं उभं होतं, बहुधा मुलाकडे नवीनच आलेलं. आजी घाबरून आजोबांना म्हणत होत्या की आपण चुकीच्या बोटीत बसलो, आता उतरायचं कुठे, विचारायचं कुणाला, इथे आपलं कुणाला कळतंय. मी पुढे होणार तेवढ्यात त्यांच्या पलीकडून कुणीतरी म्हणालं, "आजी, बरोबर बोटीत आहात. बाबूघाटाला उतरा, बाहेर आलात की उजव्या हाताला बस मिळेल. मी आहे, दाखवतो."

मेजदा होते. मराठी जुन्या वळणाचं, बंगाली हेल असलेलं, पण एकाही शब्दाला न अडखळणारं. आजींचा चेहरा उजळला. मी तीन पावलांवर होते. त्यांनी वळून मला पाहिलं.

त्या क्षणी मला काय काय आठवलं ते लिहायचं तर पानं पुरणार नाहीत. रेझिस्टरची लग्नं. त्यांच्या डब्यातल्या माशाच्या वासावरून ताईशी केलेल्या गप्पा. या लोकांना कामाची घाई म्हणून नाही, हे माझं आवडतं वाक्य. अडीच वर्षं, रोज दुपारी, शेजारच्या टेबलावरून. आणि कॉलेजातलं ते बोलणं.  मला नदीत उडी टाकावीशी वाटली असं लिहिणार होते, पण तसंही नव्हतं. मला फक्त त्यांनी दुसरीकडे बघावं असं वाटत होतं.

बाबूघाटाला त्यांनी त्या दोघांना बसपर्यंत पोचवलं. मी थांबून राहिले. ते परत आल्यावर मी कसंबसं विचारलं, तुम्हाला मराठी येतं? तरुणपणी पिंपरीला होतो, म्हणाले. रेडिओच्या कारखान्यात, अकरा वर्षं, चाळीत राहत होतो. तिथली माणसं चांगली होती.

मी म्हटलं, "मग कधी बोलला नाहीत."

ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही माझ्याशी कधी मराठीत बोललाच नाहीत. माझ्याबद्दल बोललात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. पुड्या सोडल्या त्या, न केलेली चाचणी, तीस खोटे शेरे, रिपोर्ट, भिंतीवरचा तक्ता. मेजदांना त्यांनी आत बोलावून घेतलं होतं.  मालक म्हणाले की मेजदांचे हात त्यांना पंचवीस वर्षं माहीत आहेत. पॅकिंगला जायचं मेजदांनीच मागून घेतलं होतं, हेही त्यांनीच सांगितलं. जिथे आपलं काम वाईट म्हणून लिहिलं गेलं त्या टेबलावर, ते खोडलं जाईपर्यंत, त्यांना बसायचं नव्हतं. मॅडम स्वतः येऊन सांगतील, त्यांना विचारू नका, असं मेजदा म्हणाले होते. म्हणून मालक पाच महिने थांबले होते. त्यांनी मला काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटतं.

मेजदा आपल्या टेबलावर परत आले. दुपारी ते माझ्याकडे येऊन उभे राहिले आणि मराठीत बोलले. तेव्हापासून आम्ही मराठीतच बोलत आलो.

"मालकांना सांगितलंत, चांगलं केलंत. पण त्यांना माहीतच होतं. कॉलेजातल्या बाईंना माहीत नाही. त्यांना सांगा."

मग त्यांनी कारण सांगितलं. दुर्गापूजेनंतर ते इथून निवृत्त होणार होते. त्या कॉलेजात आठवड्यातून दोन दिवस लॅबमधल्या उपकरणांची दुरुस्ती करायला यायचं, असं आधीच्या प्रमुखांशी त्यांचं बोलणं झालेलं होतं. घरी नुसतं बसून राहणं त्यांना जमणारं नव्हतं, असं म्हणाले. बाई आल्यावरही ते ठरलेलंच होतं. त्या दिवसानंतर मात्र निरोप येणं बंद झालं. बोलावणार कसे, हात थरथरणाऱ्या माणसाला? मी म्हटलं, सांगते, नक्की सांगते. फोनवर नको, समक्ष सांगते.

समक्ष भेट मंडळाच्या गणपतीत झाली. आरती झाली होती, आम्ही बायका आतल्या खोलीत प्रसादाची पानं लावत होतो. बाई माझ्या शेजारीच होत्या. मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनीच बाकीच्यांना सांगायला सुरुवात केली, की हिच्यामुळे आमची लॅब वाचली, एकटीने बसून एकोणतीस किटं दुरुस्त केली, अगं आपल्या मंडळात अशी बाई आहे हे किती जणींना माहीत आहे? सगळ्या माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, पुढच्या महिन्यात हिचं व्याख्यान ठेवूया. मग बाई हळू आवाजात, अगदी मायेने मला म्हणाल्या, "ते म्हातारे कसे आहेत गं? हात कसे आहेत त्यांचे?"

मी मोदक वाढत होते. म्हटलं, "बरे आहेत."

एवढंच. त्यांचे हात कधीच वाईट नव्हते, मी खोटं बोलले होते, हे वाक्य काही अवघड नाही. मालकांपुढे ते मी मोडक्या हिंदीत धडाधड बोलून गेले होते. पण तिथे माझी माणसं नव्हती. इथे होती. ज्यांना मी आपली मानते त्यांच्यापुढे मला तोंड उघडता आलं नाही, आणि ज्याला परका धरलं त्याच्यापुढे अडीच वर्षं मी तोंड मिटलं नव्हतं.

सोमवारी कामावर गेले. मेजदा चहा पीत होते. भांडं खाली ठेवून त्यांनी विचारलं, "सांगितलंत?"

मी हो म्हटलं.

विचार करून म्हटलं नाही, तोंडातून गेलं. पण गेल्यावर परत घ्यायला सबंध दिवस होता, सबंध महिना होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते हसले. तोंडभर, पुढचे दोन दात नसलेलं हसू. अडीच वर्षांत मी ते पहिल्यांदाच पाहत होते. बरं झालं, म्हणाले. मला ठाऊक होतं तुम्ही सांगाल. मग खण उघडून त्यांनी चार रेझिस्टर निवडले, कागदात गुंडाळले, दोरा बांधला आणि पुडी माझ्या हातात ठेवली. इतकी जुळलेली जोडी वर्षातून एखादीच सापडते, किटात घालायची नसते, ठेवून द्यायची असते, असं ते म्हणाले.

पूजेनंतर ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला सांगितलं की कॉलेजाकडून अजून काही आलं नाही, पण सुट्ट्या संपल्या की येईल. सुट्ट्या संपल्या. डिसेंबरात मंडळाच्या सहलीला बाईंच्या बोलण्यात सहज आलं, की लॅबच्या दुरुस्तीला त्यांनी एक नवा माणूस नेमलाय, चांगला आहे. मी चांगलं झालं म्हटलं.

मेजदा कुठे राहतात ते मला माहीत आहे. हावड्याला उतरल्यावर बसने वीस मिनिटं. ते घरी बसलेले असतील. बाईंना सगळं खरं कळलं, आणि कळूनही त्यांनी आपल्याला बोलावलं नाही, असं त्यांना वाटत असेल.